वीस मिनिटांनी आवाज फाटतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह वारंवार जातो: जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचे समस्या निवारण

मुंबईत पाऊस सुरू झाला की जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या बाबतीत एकच तक्रार पुनःपुन्हा कानावर येते. सेट लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे आवाज भरदार आणि स्वच्छ असतो. नंतर तो हळूहळू घोगरा होऊ लागतो, निवेदकाचे शब्द चिरकतात, गाण्यातला लांबवलेला सूर कातरल्यासारखा ऐकू येतो आणि आवाज अगदी लहान केला तरी हा फाटकेपणा जात नाही. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तापलेल्या मेणाचा आणि धुळीचा वास येऊ लागतो. सेट बंद करून तासाभराने पुन्हा लावला, तर पहिली काही मिनिटे सारे ठीक असते. दुरुस्तीला नेल्यावर बहुधा आउटपुट व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकर हलवणारी शेवटची काचेची नळी, ‘वीक’ झाल्याचे निदान होते, व्हॉल्व्ह बदलला जातो, काही आठवडे सेट उत्तम वाजतो आणि मग तीच लक्षणे परत येतात.

व्हॉल्व्ह जातो हे खरे असले, तरी त्याला घालवणारा भाग वेगळाच असतो. तो म्हणजे आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतल्या प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) जोडलेला, बोटाच्या पेराएवढा कागदी कपलिंग कंडेन्सर. सेटमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी तो एक आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे सर्वांत मोलाचे भाग, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि प्रसंगी मेन्स ट्रान्सफॉर्मरही जळतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आता फक्त शिल्लक साठ्यातून मिळतात, त्यामुळे चुकीच्या निदानापायी जळालेला प्रत्येक चांगला व्हॉल्व्ह ही कायमची हानी आहे. म्हणूनच हे निवारण सविस्तर लिहीत आहे.

बिघाड नेमका कसा होतो

साठच्या दशकातल्या अनेक एसी सेटमध्ये ईएबीसी८० या व्हॉल्व्हमधला ट्रायोड आवाजाचा संकेत मोठा करतो आणि ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह स्पीकर हलवतो. ट्रायोडच्या प्लेटवर (जिथून मोठा झालेला संकेत बाहेर पडतो) साधारण ८० ते १०० व्होल्ट डीसी असतो. ईएल८४ च्या ग्रिडवर मात्र डीसी मुळीच पोहोचता कामा नये, तिथे केवळ आवाजाचा संकेत पोहोचला पाहिजे. डीसी अडवणे आणि संकेत पुढे सोडणे, एवढेच काम या दोघांमधल्या कंडेन्सरकडे असते आणि त्याची क्षमता बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड असते.

जुने कंडेन्सर हे मेणात किंवा डांबरासारख्या काळ्या द्रव्यात बुडवलेल्या कागदाचे असतात. चासीखाली (सगळे भाग ज्यावर बसवलेले असतात त्या पत्र्याच्या सांगाड्याखाली) तासन्‌तास तापल्यामुळे मेण वितळते, त्याला भेगा जातात आणि त्या भेगांतून मुंबईची दमट हवा आतल्या कागदापर्यंत पोहोचते. ओल धरलेला कागद थोडा थोडा डीसी गळू देतो. समजा, कंडेन्सरचा गळती-रोध २० मेगओहमवर आला आहे, ग्रिडचा रेझिस्टन्स १ मेगओहमचा आहे आणि ट्रायोडच्या प्लेटवर ९० व्होल्ट आहेत. तेवढ्यानेही ईएल८४ च्या ग्रिडवर ४ व्होल्टपेक्षा थोडा अधिक धन दाब (व्होल्टेज) येतो. या व्हॉल्व्हला २५० व्होल्टवर सुमारे ७.३ व्होल्टचा ऋण बायस (ग्रिडवरचा ठरलेला स्थिर दाब) लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ४ व्होल्टचे गांभीर्य ध्यानात येते.

दादरच्या एका घरातला सेट अशाच अवस्थेत तपासायला मिळाला. कॅथोडला (व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) १५० ओहमचा रेझिस्टन्स होता आणि त्यावर एरवी ७.५ व्होल्ट दिसायला हवे होते, म्हणजे व्हॉल्व्हमधून एकूण ५० मिलिअँपिअर. सेट थंड असताना वाचन जवळपास तेवढेच होते, पण गरम झाल्यावर ते १० व्होल्टवर गेले, म्हणजे ६७ मिलिअँपिअर. स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचा) वाटा वजा केला तरी प्लेटवर ६० मिलिअँपिअर उरतात आणि प्लेट ते कॅथोड २३० व्होल्ट धरले तर ती १४ वॅटच्या जवळ तापते. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट आहे. खोलीतले दिवे मालवून पाहिल्यावर त्या व्हॉल्व्हच्या राखाडी प्लेटच्या सांध्यावर काळपट लाल झाक स्पष्ट दिसत होती, आणि चासीखाली कपलिंग कंडेन्सरच्या टोकाशी तपकिरी मेणाचा ओघळ थिजलेला होता.

पंधरा-वीस मिनिटांचा अवधी का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे. चासीखालची हवा तापली की कंडेन्सरची गळती वाढते, गळती वाढली की व्हॉल्व्ह अधिक तापतो, व्हॉल्व्ह अतिशय तापला की त्याची ग्रिड स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागते आणि ग्रिडवरचा धन दाब आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. नवा व्हॉल्व्ह घातल्यावर काही आठवडे बरे वाटते, कारण त्याच्या स्वच्छ ग्रिडला या चक्रात सापडायला थोडा वेळ लागतो. हवा कोरडी झाल्यावर दिवाळीच्या सुमारास अनेक सेट आपोआप सुधारल्यासारखे वाटतात, त्यामागेही ओलच असते.

मीटर कंडेन्सर चांगला दाखवतो, तरी तो बदलावा का

निदान चुकते ते बहुधा याच टप्प्यावर. साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजमध्ये कंडेन्सरवर जेमतेम काही व्होल्टच पडतात. तेवढ्या दाबाला ओलसर कागदही बऱ्यापैकी तग धरतो आणि मीटर ‘ओपन’ दाखवतो, पण ९० व्होल्टखाली तोच कंडेन्सर गळू लागतो. क्षमता मोजणारा मीटर तर अधिकच दिशाभूल करतो, कारण गळका कंडेन्सर त्यावर बहुधा छापील आकड्यापेक्षा जास्त क्षमता दाखवतो आणि पाहणाऱ्याला तो धडधाकट वाटतो. म्हणून या कंडेन्सरची परीक्षा सेट चालू असतानाच, प्रत्यक्ष दाबाखाली करावी लागते.

त्याआधी सुरक्षिततेविषयी. चासीवर २५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक डीसी असतो आणि सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सर (पुरवठ्याचा डीसी सपाट करणारे मोठे कंडेन्सर) तो धरून ठेवतात. प्लग काढून, २ ते ५ किलोओहमच्या ५ वॅट रेझिस्टन्समधून फिल्टर कंडेन्सर रिकामे करावेत आणि शून्य व्होल्ट आल्याची मीटरवर खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. मीटरची काळी क्लिप आधीच चासीला लावून ठेवावी आणि वाचन एकाच हाताने घ्यावे. बरीच वर्षे बंद असलेला सेट प्रथमच लावताना ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण तेजाने जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. पुढे सांगितलेली वाचने मात्र बल्ब काढल्यावरच घ्यावीत, कारण सिरीज बल्बमुळे सेटला पूर्ण दाब मिळत नाही.

सेटच्या आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. सेटमध्ये यूसीएल८२, यूसीएच८१, यूवाय८५ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील, तर तो एसी-डीसी सेट आहे. अशा सेटमध्ये चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चासी फेजवर जाते. हे सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडून तपासू नयेत. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर हे काम जाणकाराकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणी

ईएल८४ च्या तळाशी खालून पाहताना पिनांमधल्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजले, तर दुसरी पिन ग्रिड, तिसरी कॅथोड, सातवी प्लेट आणि नववी स्क्रीन असते. ईसीएल८२ (ट्रायोड आणि आउटपुटचा पेंटोड एकाच काचेत असलेला व्हॉल्व्ह) असलेल्या सेटमध्ये नेमके उलट आहे, तिथे पेंटोडचा कॅथोड दुसऱ्या पिनवर आणि ग्रिड तिसऱ्या पिनवर असते. हा फरक विसरला तर कॅथोडवरचा साहजिक धन दाब ग्रिडवरचा समजला जाण्याची शक्यता फार असते.

डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर ठेवून सेट लावावा, आवाज पूर्ण कमी करावा आणि ग्रिड व चासी यांमधला दाब अर्धा तास अधूनमधून पाहत राहावे. चांगल्या सेटमध्ये तो शून्याशी चिकटून राहतो. तो हळूहळू धन दिशेने चढत गेला आणि सोबत कॅथोडचा दाबही वाढत गेला, तर बिघाड याच जागी आहे. काही सेटमध्ये कॅथोड सरळ चासीला जोडलेला असतो आणि बायस एचटीच्या (व्हॉल्व्हना मिळणाऱ्या मुख्य डीसी पुरवठ्याच्या) ऋण तारेतल्या रेझिस्टन्समधून घेतलेला असतो. तिथे ग्रिडवर शून्याऐवजी सुमारे ७ व्होल्ट ऋण दिसणे योग्य आहे आणि ते वाचन शून्याकडे सरकणे हे गळतीचे लक्षण समजावे.

आता प्रश्न उरतो तो हा, की धन दाब कंडेन्सरमधून येतो की व्हॉल्व्हच्याच बिघडलेल्या ग्रिडमधून. ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटमध्ये याचा निवाडा सोपा आहे. सेट पूर्ण तापल्यावर बंद करावा, आउटपुट व्हॉल्व्ह फडक्याने धरून काढावा, सेट पुन्हा लावावा आणि रिकाम्या सॉकेटच्या ग्रिड पिनवर दाब मोजावा. दाब अजूनही धन असेल तर दोष कंडेन्सरचा. दाब शून्य असेल आणि व्हॉल्व्ह बसवल्यावरच, तापत गेल्यावर, वर चढत असेल तर दोष व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह काढलेला असताना एचटीचा दाब बराच वाढतो, म्हणून हे वाचन मिनिटभरात उरकून सेट बंद करावा. ईसीएल८२ ला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण संकेत देणारा ट्रायोड त्याच काचेत असतो. ‘यू’ व्हॉल्व्हच्या सेटमध्येही ती चालत नाही, कारण सगळे हीटर एका माळेत असतात आणि एक व्हॉल्व्ह काढला की सगळेच विझतात.

अशा वेळी कंडेन्सरचे ग्रिडकडचे टोक डाग उकलून मोकळे करावे, ट्रायोडच्या प्लेटकडचे टोक तसेच ठेवावे आणि मोकळे टोक व चासी यांमध्ये मीटर लावून सेट चालू करावा. सुरुवातीला काटा किंवा आकडे क्षणभर उसळतात, ते मनावर घेऊ नये. नंतर दाब शून्याजवळ स्थिरावला पाहिजे. बहुतेक डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगओहम असतो, त्यामुळे या जोडणीत किंचित गळतीही ठळक दिसते. सेट तापल्यावर १ व्होल्टपेक्षा अधिक दाखवणारा कंडेन्सर मी ठेवत नाही. खरे म्हणजे मेणाचा किंवा डांबराचा कपलिंग कंडेन्सर आज चाचणीत टिकला तरी पुढच्या पावसाळ्यात टिकेल याचा भरवसा नसतो, म्हणून तो बदलणेच इष्ट आहे.

बदली

जुन्या क्षमतेचाच, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर घ्यावा. लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांत तो सहज मिळतो. ०.०१ मायक्रोफॅरडवर ‘१०३’ आणि ०.०२२ वर ‘२२३’ असा आकडा छापलेला असतो, व्होल्टचा आकडा मात्र प्रत्यक्ष वाचून घ्यावा, कारण त्याच क्षमतेचे ५० आणि १०० व्होल्टचे नगही त्याच डब्यात असतात. सेटचे मूळ रूप जपायचे असेल तर जुन्या कंडेन्सरचे नळकांडे मंद उष्णतेवर रिकामे करून त्यात नवा कंडेन्सर बसवता येतो आणि दोन्ही टोके मेणाने बंद करता येतात. हे काम सावकाशीचे आहे, पण चासी उलटी केल्यावर कारखान्यातून निघाल्यासारखी दिसते, आणि ठाण्यात बनलेल्या मर्फीसारख्या सेटच्या बाबतीत तेवढे कष्ट घेणे मला योग्य वाटते.

नव्या कंडेन्सरनंतर व्हॉल्व्ह निर्दोष ठरेलच असे नाही. अनेक महिने अति तापून चाललेल्या व्हॉल्व्हची ग्रिड कायमची बिघडलेली असू शकते, म्हणून वरची अर्ध्या तासाची तपासणी नव्या कंडेन्सरसह पुन्हा करावी आणि व्हॉल्व्ह बदलायचा की नाही हे तेव्हाच ठरवावे. बदलावाच लागला तर स्लोव्हाकियात आजही बनणारे ईएल८४ किंवा रशियन ६पी१४पी हा त्याच जोडणीचा व्हॉल्व्ह चालतो.

कंडेन्सर बदलूनही तक्रार परतली तर

कॅथोडचा रेझिस्टन्स एका बाजूने मोकळा करून मोजावा. जळकट झालेल्या रेझिस्टन्सचे ओहम-मूल्य सरकलेले असते. त्याला समांतर असलेला ५० किंवा १०० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट झाला असेल तर बायस उरतच नाही आणि व्हॉल्व्ह काही मिनिटांत लाल होतो.

सेटच्या मागची व्होल्टेजची खूणही पाहावी. वर्षानुवर्षे २२० वर ठेवलेल्या सेटला आज २३० व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि मागणी कमी असताना तो २४० च्या आसपास जातो. हीटरवर एसी व्होल्ट मोजावेत. ६.३ अपेक्षित असताना ६.९ च्या वर असतील तर मागची खूण २४५ वर न्यावी, म्हणजे व्हॉल्व्ह आणि फिल्टर कंडेन्सर दोहोंचे आयुष्य वाढते.

सेट घुमत असेल तर ती वेगळी तक्रार आहे आणि तिचे मूळ बहुधा फिल्टर कंडेन्सरमध्ये असते. ते बदलताना ‘जास्त म्हणजे चांगले’ असे समजून १०० मायक्रोफॅरड लावू नयेत. एसीचा डीसी करणाऱ्या ईझेड८० रेक्टिफायरला पहिल्या कंडेन्सरसाठी ५० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, त्यामुळे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट ही निवड योग्य ठरते. केवळ घुमणे थांबवण्यासाठी हे कंडेन्सर बदलून कपलिंग कंडेन्सर तसाच ठेवला, तर सुधारलेला एचटी दाब आउटपुट व्हॉल्व्हला अधिकच लवकर मारतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर किंवा प्लेट ते चासी असा जोडलेला २ ते ५ नॅनोफॅरडचा कंडेन्सर त्याच वेळी बदलून टाकावा. प्लेट ते चासी जोडलेला असताना तो शॉर्ट झाला तर ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे जळते. त्याच्यावर आवाजाच्या चढ-उतारांत मोठे दाब येतात, म्हणून तो किमान १००० व्होल्टचा, शक्यतो १६०० चा असावा. मेन्सच्या तारेवर किंवा एसी-डीसी सेटच्या एरियल-अर्थच्या वाटेवर असलेल्या कंडेन्सरच्या जागी साधे नग लावू नयेत, मेन्सच्या दोन तारांमध्ये एक्स२ आणि चासी, एरियल वा अर्थच्या वाटेवर वाय या सुरक्षा-वर्गांचेच लावावेत. एरियलची तार हाताळणाऱ्याचा जीव त्या एका कंडेन्सरवर अवलंबून असतो.

शेवटी अशाच वाटणाऱ्या, पण निराळ्या एका फाटकेपणाविषयी. ग्रिड आणि कॅथोडची वाचने बरोबर आहेत, व्हॉल्व्ह लाल होत नाही, दूरची क्षीण केंद्रे स्वच्छ ऐकू येतात आणि ५५८ किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनीसारखे जवळचे, जोरदार केंद्र तेवढे फाटते, असे असेल तर आउटपुटकडे पाहू नये. मालाडच्या प्रक्षेपकाच्या आसपासच्या उपनगरांत ही तक्रार विशेष आढळते. तिथे एव्हीसीच्या (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) वाटेवरचा ०.०४७ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचा कागदी कंडेन्सर गळत असतो, त्यामुळे जोरदार संकेत आला तरी सुरुवातीच्या व्हॉल्व्हना आवर घालणारा ऋण दाब तयार होत नाही. परीक्षा सोपी आहे: एरियल काढून टाकावा किंवा अगदी आखूड करावा. फाटकेपणा लगेच नाहीसा झाला तर एव्हीसीचा कंडेन्सर बदलावा. एरियल काढूनही तो तसाच राहिला, तर डिटेक्टर डायोड आणि व्हॉल्यूम कंट्रोल यांच्या भोवतीचे रेझिस्टन्स एकेक करून मोजावे लागतात.